मनीऑर्डरवर चालणारा देश

मैत्रिणींनो, एकाच आळीतली दोन घरं डोळ्यांसमोर आणा. एका घरचा कर्ता दूरदेशी नोकरीला. महिन्याच्या महिन्याला पैसे येतात, भिंतींना ताजा रंग आहे, फ्रीज आहे, मुलं इंग्रजी शाळेत जातात. दुसऱ्या घरी पिठाची गिरणी. कमाई बेताची, रंग उडालेला. पण गिरणी रोज चालते आणि हाताखाली दोन माणसं आहेत. यातलं कुठलं घर पुढे गेलं? पहिलं, असं आपण चटकन म्हणतो. पण बाहेरून येणारे पैसे उद्या थांबले तर, असं कुणी विचारलं की उत्तर द्यायला जरा वेळ लागतो.

हाच हिशेब एका अख्ख्या देशाला लावून पाहायचा आहे. मी शाळेत नववी-दहावीच्या मुलींना भूगोल आणि अर्थशास्त्र शिकवते. नेपाळचा विषय निघाला तेव्हा एकीनं विचारलं, "बाई, तिकडच्या लोकांना बाहेरून इतके पैसे येतात, मग तो देश श्रीमंत का होत नाही?" प्रश्न मोठा मार्मिक आहे. शेजारच्या देशाचा असला तरी आपल्याही घराशी त्याचा संबंध आहे. म्हणून आजचं पान त्यासाठी.

लाहोरपासून दोह्यापर्यंत

नेपाळी माणूस पोटासाठी घराबाहेर पडला तो काही आजकाल नव्हे. १८१४ ते १८१६ या वर्षांत नेपाळचं इंग्रजांशी युद्ध झालं आणि त्याच सुमारास गोरख्यांची कंपनी सरकारच्या फौजेत भरती सुरू झाली. काही जण रणजितसिंहाच्या फौजेत, लाहोरला गेले. त्यावरून परमुलखात जाऊन कमावणाऱ्याला नेपाळीत 'लाहुरे' म्हणायची रीत पडली, ती आजही आहे. पुढे १९५० साली भारत आणि नेपाळ यांच्यात करार झाला आणि एकमेकांच्या देशात राहायला, नोकरीधंदा करायला मुभा मिळाली. सरहद्द ओलांडायला व्हिसा लागत नाही. सोसायटीच्या फाटकाशी रात्रभर जागणारे नेपाळी रखवालदार आपल्या शहरांत दिसतात ते यामुळेच. गंमत पाहा, रत्नागिरी-देवगडकडची मुलं कामासाठी मुंबईला गेली आणि तिथल्या आंब्याच्या बागा राखायला नेपाळची माणसं आली! एका घरची रिकामी जागा दुसऱ्या घरचा माणूस भरतो, आणि मग त्याच्या घरची जागा रिकामी होते.

१९८५ साली नेपाळनं परदेशी नोकरीसंबंधी कायदा केला आणि भारताखेरीज दूरच्या देशांची वाट मोकळी झाली. त्यातच १९९६ ते २००६ ही दहा वर्षं माओवाद्यांच्या सशस्त्र लढ्याची गेली. खेड्यात तरुण मुलानं राहणंच धोक्याचं झालं. आईबापांनी कर्ज काढून मुलांना कतार, सौदी अरेबिया, दुबई, मलेशियाकडे पाठवलं. गेले ते इमारतींवर, कारखान्यांत, हॉटेलांत, पहारेकरी म्हणून कामाला लागले.

आता आकडे पाहू. २०२१ च्या शिरगणतीत नेपाळची लोकसंख्या भरली सुमारे २ कोटी ९२ लाख. त्याशिवाय जवळजवळ २२ लाख माणसं देशाबाहेर असल्याची नोंद झाली आणि त्यांतले दर पाचांत चार पुरुष होते. २०२३-२४ या वर्षात परदेशी नोकरीसाठी सात लाखांहून जास्त परवाने दिले गेले. नवे आणि पुन्हा जाणारे मिळून हा आकडा आहे. म्हणजे दिवसाला सुमारे दोन हजार. भारतात येणाऱ्याला परवाना लागत नाही, तेव्हा तो यात धरलेलाच नाही.

आणि पैसे? त्याच वर्षात बाहेरून नेपाळात सुमारे १ लाख ४४ हजार कोटी नेपाळी रुपये आले. आपल्या एका रुपयाला त्यांचे एक रुपया साठ पैसे, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. त्या हिशेबानं आपले नव्वद हजार कोटी झाले. देशात वर्षभरात जे पिकतं, बनतं, विकलं जातं त्याची सगळी किंमत शंभर धरली, तर हा बाहेरचा पैसा पंचवीसच्या आसपास जातो.

आधी जमेची बाजू

खर्चाची बाजू मांडण्याआधी जमा मांडावी, हा घरचा नियम इथंही पाळू या. १९९५-९६ मध्ये नेपाळात शंभरांत बेचाळीस माणसं दारिद्र्यरेषेखाली होती. २०१०-११ पर्यंत ती पंचवीसवर आली. पुढे रेषाच वर सरकवली, तरी २०२२-२३ च्या पाहणीत हे प्रमाण वीसच्या आसपास निघालं. देशात यादवी, सरकारं वर्षा-दोन वर्षांत बदलणारी, कारखाने थोडके, आणि तरीही गरिबी निम्म्यावर! जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी हिशेब केला, तेव्हा १९९५ ते २००४ या काळात कमी झालेल्या गरिबीपैकी सुमारे पाचवा हिस्सा बाहेर गेलेल्या माणसांच्या कमाईमुळे, असं त्यांना आढळलं.

घरात पैसा आला तेव्हा पोरं शाळेत गेली, आजाऱ्याला डॉक्टर मिळाला, गवताच्या छपराच्या जागी पत्रा आला. २५ एप्रिल २०१५ ला मोठा भूकंप झाला. जवळजवळ नऊ हजार माणसं गेली, लाखो घरं पडली. सरकारी मदत येईल तेव्हा येईल. बाहेरच्या मुलांनी मात्र लगेच जास्त पैसे पाठवले. देशाला पेट्रोल, गॅस, औषधं आणायला जे परकीय चलन लागतं, तेही मुख्यतः हीच मुलं पुरवतात. तेव्हा या पैशाला नावं ठेवायचा प्रश्नच नाही. तो घामाचा पैसा आहे.

रुपयातले एकोणऐंशी पैसे

पण तो पैसा जातो कुठे? २०१०-११ च्या सरकारी पाहणीत घराघरांतून हेच विचारलं गेलं. शंभरातल्या छप्पन्न घरांत कुणी ना कुणी पाठवलेले पैसे येत होते. त्यातल्या प्रत्येक रुपयातले एकोणऐंशी पैसे रोजच्या खर्चात जात होते. सात पैसे कर्जफेडीला, साडेतीन पैसे शिक्षणाला. आणि ज्यातून पुढे कमाई होईल असं काही उभारायला, दुकान म्हणा, जनावर म्हणा, यंत्र म्हणा, अडीच पैसेसुद्धा नाहीत!

यात त्या बायकांचा दोष नाही हं. जिच्या घरी आधी दोन वेळचं पुरत नव्हतं, ती पहिल्यांदा पोटालाच घालणार. पण देशाच्या दृष्टीनं पाहा. रोजच्या खर्चातला तांदूळ, तेल, कापड, मोबाईल, मोटारसायकल यांतलं पुष्कळसं बाहेरून येतं. २०२३-२४ मध्ये नेपाळनं जितक्या रुपयांचा माल बाहेर विकला, त्याच्या दहापटीहून जास्त किमतीचा माल विकत घेतला. पैसा एका दारानं येतो आणि दुसऱ्या दारानं निघून जातो. जाताना आयातीवरचा कर सरकारच्या तिजोरीत पडतो, त्यामुळे तिजोरीलाही या व्यवहाराची सवय लागलेली.

आणखी एक गोष्ट घडते, ती चटकन लक्षात येत नाही. समजा, तुमच्या घरी रोज माहेरून डबा येऊ लागला. पहिले काही दिवस काय बरं वाटतं! मग हळूहळू सामान भरणं कमी होतं, चूल पेटवायचा कंटाळा येतो, मुलगी स्वयंपाक शिकत नाही. देशाचं तसंच होतं. गावात पैसा आला की जमिनीचे भाव चढतात, मजुरी चढते, कारण मजूर गेलेले असतात. मग गावातला कारखानदार किंवा शेतकरी जो माल काढतो तो महाग पडतो आणि सरहद्दीपलीकडून आलेला माल स्वस्त. तो बिचारा धंदा बंद करतो आणि त्याचा मुलगाही पासपोर्ट काढतो. नव्वदीच्या दशकात काठमांडूचे गालिचे आणि तयार कपडे परदेशी जात. ते धंदे पुढे आकसले. त्याला कारणं इतरही होती, पण हे एक होतंच. तीस वर्षांपूर्वी देशाच्या उत्पन्नात कारखानदारीचा वाटा नऊ टक्क्यांच्या आसपास होता, तो आता पाचच्या घरात आला आहे. या सगळ्या काळात नेपाळची वाढ वर्षाला सरासरी चार टक्क्यांच्या थोडी वर राहिली. भारत आणि बांगलादेश त्याहून वेगानं वाढले.

म्हणजे घरं सावरली, पण देशाचा धंदा वाढला नाही. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे.

नांगराला हात कुणी लावायचा?

आमच्या इमारतीचे रखवालदार नेपाळातल्या अछाम जिल्ह्याचे. त्यांची बायको चार घरी धुणीभांडी करते. मोठा मुलगा कतारला, सून आणि नातवंडं गावी. एकदा गच्चीत मी मिरच्या वाळत घालत होते आणि ती हाताशी बसली होती. मी सहज विचारलं, "गावी शेती आहे ना तुमची? भात घरचाच असेल."

ती म्हणाली, "दीदी, शेत आहे, पण नांगर कोण धरणार? आमच्याकडे बाईनं नांगराला हात लावायचा नाही, अशी जुनी रीत. मजूर शोधायला गेलं तर मजूर पण तिकडेच. सून भात दुकानातून आणते. पोतं इंडियाचं असतं."

म्हणजे मुलगा कतारच्या उन्हात राबतो, त्याचे पैसे नेपाळात येतात आणि भारतातला तांदूळ घेऊन संपतात. घरचं खाचर मात्र पडीक.

मी कर्जाचं विचारलं. मुलगा गेला तेव्हा सावकाराकडून दीड लाख नेपाळी रुपये घेतले होते, शेकडा तीन रुपये महिना व्याजानं. तुम्हीच गुणाकार करा: महिन्याला साडेचार हजार निव्वळ व्याज. मुद्दल राहिलं बाजूलाच. पहिली दोन वर्षं तो सावकारासाठीच राबला. २०१५ मध्ये सरकारनं नियम केला, की आखाती देशांत आणि मलेशियात जाणाऱ्याचं तिकीट आणि व्हिसा मालकानं द्यायचा, दलालानं दहा हजार नेपाळी रुपयांहून जास्त घ्यायचे नाहीत. नियम कागदावर चांगला आहे, पण दलालाच्या हातावर त्याहून कितीतरी जास्त ठेवावे लागतात, ही तक्रार थांबलेली नाही.

मागे राहिलेल्या बाईचं काय होतं, हेही आकड्यांत दिसतं. २००१ साली नेपाळात शंभरातली पंधरा घरं बाईच्या नावावर चालत होती. २०२१ मध्ये साडेएकतीस. बँकेत जाणं, शाळेत सही करणं, गावच्या बैठकीला बसणं ती शिकली, हा मोठाच फायदा. पण सासूसासरे, गुरंढोरं, लाकूडफाटा, मुलांचा अभ्यास हे सगळं तिच्या एकटीच्या डोक्यावर आलं. आणि मनात एक धास्ती कायम. काठमांडूच्या विमानतळावर शवपेट्याही उतरतात. अलीकडच्या वर्षांत परदेशी कामावर गेलेले हजाराहून जास्त नेपाळी दर वर्षी तिकडेच मरण पावले आहेत. देशाच्या उत्पन्नाच्या आकड्यांत ही वजाबाकी कुठेही दिसत नाही.

बायका स्वतः जायला निघाल्या, तर त्यांना नियम वेगळे. २०१२ साली तिशीच्या आतल्या बायकांना घरकामासाठी आखाती देशांत जायला मनाई केली गेली. २०१७ पासून तिकडच्या घरकामावर सरसकटच बंदी आली. हेतू छळापासून वाचवण्याचा. पण ज्यांना जाणं भागच होतं त्या चोरवाटेनं गेल्या, आणि चोरवाटेनं गेलेल्या बाईची दाद कुठेच लागत नाही.

किल्ली दुसऱ्याच्या हाती

अशा कमाईत आणखी एक भीती असते. रोजगार देणारा आपल्या घरचा नसतो. त्यानं नको म्हटलं, की संपलं. याचं उदाहरण पाहायचं तर आफ्रिकेतल्या लेसोथो या चिमुकल्या देशाकडे जावं लागेल. चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेनं वेढलेला हा डोंगराळ मुलूख. इथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत उतरत. १९९० च्या सुमारास सव्वा लाखावर माणसं तिथं कामाला होती, आणि त्यांच्या पैशावर घरंच काय, सबंध देश चालत होता. पुढे खाणींनी माणसं कमी केली. पंधरा-सोळा वर्षांत तो आकडा पन्नास हजारांच्या खाली आला. नवरे रिकाम्या हातांनी परतले. त्यातल्या कित्येकांच्या घरी पडीक जमिनीखेरीज काही नव्हतं.

आपल्या कोकणाला हे सांगायला नको. मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर रत्नागिरीकडची कितीतरी घरं चालत. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो लांबला, गिरण्या बंद पडत गेल्या, आणि पोस्टमनची वाट पाहणाऱ्या घरांचं काय झालं ते ज्यांनी पाहिलं त्यांना ठाऊक आहे.

नेपाळात हा ताण २०२५ च्या सप्टेंबरात दिसला. ४ तारखेला सरकारनं फेसबुक, व्हॉट्सअॅपसारखी सव्वीस समाजमाध्यमं बंद केली. ज्या घरचा माणूस परदेशी, त्या घराला ही करमणूक नव्हे. पोरांना बापाचा चेहरा दिसायची ती खिडकी. ८ तारखेला तरुण मुलं रस्त्यावर आली. भ्रष्टाचाराचा संताप होता, पुढाऱ्यांच्या मुलांच्या चैनीचा होता, आणि देशात काम मिळत नाही याचा होता. पंधरा ते चोवीस वयाच्या, काम शोधणाऱ्या शंभर मुलांत वीसहून जास्त बेकार. गोळीबारात आणि जाळपोळीत सत्तरहून जास्त माणसं गेली, पंतप्रधान ओलींना राजीनामा द्यावा लागला आणि माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या. नेपाळच्या त्या पहिल्या महिला पंतप्रधान. वर्षानुवर्षं तरुणांना विमानात बसवून बेकारी झाकता येते, मिटवता येत नाही, हा त्यातला धडा.

मग करायचं काय?

माणसांना घरी डांबून ठेवणं हा उपाय नव्हे. पॅसिफिक महासागरातला टोंगा हा जेमतेम लाखभर वस्तीचा देश पाहा. बाहेरून येणाऱ्या पैशाचा वाटा तिथं नेपाळहूनही मोठा. २००७ पासून न्यूझीलंडनं त्यांच्यासाठी हंगामी कामाची योजना काढली. फळबागांत, द्राक्षमळ्यांत अकरा महिन्यांतले जास्तीत जास्त सात महिने काम करायचं आणि घरी परत यायचं. अभ्यासकांना आढळलं, की अशा घरांचं माणशी उत्पन्न सुमारे एक तृतीयांशानं वाढलं आणि सोळा-अठराची मुलं शाळेत जास्त टिकली. माणूस परततो, त्यामुळे घर आणि शेत पुरतं सुटत नाही. अर्थात, ऐन कामाच्या दिवसांत गावात पुरुष नसतात, ही तक्रार तिथंही आहेच.

नेपाळातही काही बऱ्या खुणा आहेत. काही वर्षांपूर्वी काठमांडूत हिवाळ्यात दिवसातले चौदा-सोळा तास वीज नसायची. ते भारनियमन २०१६ पासून हटत गेलं. नद्यांवर वीजकेंद्रं झाली आणि आता पावसाळ्यात नेपाळ भारताला वीज विकतो. वीज असेल तर गिरणी चालेल, शीतगृह चालेल, शिवणयंत्र चालेल. अशा कंपन्यांचे शेअर विक्रीला निघतात तेव्हा दहा टक्के शेअर परदेशी कामावर असलेल्यांसाठी राखून ठेवायची सोयही तिथं झाली आहे. म्हणजे कतारमधल्या पोराचा थोडा पैसा तांदळाच्या पोत्याऐवजी घरच्या नदीवरच्या विजेत जाऊ शकतो. जमीन बाईच्या नावे घेतली तर नोंदणीच्या शुल्कात सवलत मिळते, त्यामुळे घर सांभाळणारीच्या नावावर काहीतरी उरतं.

आपल्यापैकीही कित्येकींचे नवरे, मुलं, भाऊ मस्कतला, दुबईला आहेत. त्यांच्यासाठी नेपाळच्या या हिशेबातून चार गोष्टी निघतात. जाण्यासाठी कर्ज काढायचं तर व्याज महिन्याचं नव्हे, वर्षाचं मोजा. शेकडा तीन ऐकायला थोडं वाटतं, वर्षाचे ते छत्तीस होतात. पहिल्या महिन्यापासून आलेल्या पैशातला काही भाग, दहा पैसे का होईना, अशा कामाला लावा ज्यातून घरबसल्या कमाई होईल. खातं, घर, जमीन यांवर आपलंही नाव असू द्या. आणि माणूस परत केव्हा यायचा आणि आल्यावर काय करायचा, हे तो जायच्या आधीच दोघांनी बसून ठरवा.

देशालाही याहून वेगळं काही करायचं नाही. कर्जाशिवाय जायची सोय, आलेल्या पैशाला घरात काम, आणि परतणाऱ्या माणसासाठी जागा. नेपाळात पैसा येतच राहील. या तिन्हींची तजवीज होते का, यावर तिथल्या सुनेच्या घरी पुढच्या वर्षी भात खाचरातला येणार की दुकानातला, ते ठरेल.